आवृत्ती कोणती?

जुने पंचांग पाहून कोणी लग्नाचा मुहूर्त काढीत नाही. पंचांगाच्या पहिल्याच पानावर शक छापलेला असतो. घरातले वडीलधारे माणूस आधी तो पाहते, आणि शक सरलेला असला तर पंचांग मुकाट्याने माळ्यावर जाते. १८४१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले, त्याला आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली; इतक्या वर्षांत हे पाहणे आपल्या हाडीमांसी खिळले आहे. पुस्तकाच्या बाबतीत मात्र आपण तितके दक्ष नसतो. विद्यार्थी जुन्या आवृत्तीचे पुस्तक घेऊन वर्गात बसतो, गुरुजी नव्या आवृत्तीतला धडा काढायला सांगतात, आणि पंचेचाळीसाव्या पानावर एकाला कविता तर दुसऱ्याला भूगोलाचा नकाशा दिसतो. मग अर्धा तास वाद, आणि शेवटी कोणी तरी विचारते, "अरे, तुझी आवृत्ती कोणती?"

हा प्रश्न मराठीत फार जुना आहे. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. पुढची तीन शतके ती हातोहात उतरली. उतरणारा भाविक असला तरी माणूसच. कोठे अक्षर सुटले, कोठे जुना शब्द कळला नाही म्हणून नवा आला, कोठे उत्साहाच्या भरात एखादी ओवी पदरची पडली. अखेर शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती पाहून ग्रंथ शुद्ध केला. परंतु मला त्यांचे खरे कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टीसाठी. शुद्ध करून ते गप्प बसले नाहीत. हे काम कोणत्या शकात झाले, कोणी केले आणि का करावे लागले, हे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवले, आणि यापुढे कोणी यात आपली भर घालू नये अशी ताकीदही दिली. पोथी कोणाच्याही हाती जावो, तिची ओळख तिच्यातच बांधलेली. ज्या पोथ्यांना असा शक नाही त्यांच्या वयाविषयी पंडितांनी किती शाई खर्च केली आहे, हे विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून छापलेल्या ज्ञानेश्वरीवर जे वाद झाले ते वाचले म्हणजे समजते.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की अलीकडे घरोघर जी यंत्रे आली आहेत, त्यांच्या पोटातही पोथ्याच आहेत. आणि त्यांनाही हाच प्रश्न विचारावा लागतो. फरक एवढाच, की विचारणारा माणूस नसून बहुधा दुसरी पोथी असते.

संगणकाला आज्ञा देण्याच्या ज्या अनेक भाषा आहेत, त्यांतली 'पायथन' ही आज शाळा-कॉलेजांतून फार शिकवली जाते. तिचा जनक खिदो व्हान रोसम हा डच गृहस्थ. १९८९ सालच्या नाताळच्या सुटीत ॲम्स्टरडॅमला त्याने हे काम हाती घेतले, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये भाषा लोकांपुढे ठेवली. नाव अजगरावरून नव्हे, तर विलायतेतल्या एका विनोदी नाटकमंडळीच्या कार्यक्रमावरून घेतले. पहिल्या आवृत्तीचा आकडा त्याने घातला ०.९.०; म्हणजे अजून पूर्ण एकही नाही, अशी नम्रता. पुढे १९९४ साली १.०, २००० साली २.० आणि डिसेंबर २००८ मध्ये ३.० अशा आवृत्त्या निघाल्या.

भाषा एकाची, पण तिच्यातले तयार साहित्य हजारोंचे. कोणी चित्रे हाताळण्याच्या आज्ञा लिहून ठेवतो, कोणी हिशेबाच्या, कोणी तारखांच्या. अशा गाठोड्याला 'पॅकेज' म्हणतात. आपल्याला लागेल ते गाठोडे आणावे आणि वापरावे. २००१ साली असे ठरले, की प्रत्येक गाठोड्याबरोबर एक चिठ्ठी असावी आणि तीत नाव, आवृत्ती, थोडक्यात वर्णन, कर्ता एवढे तरी लिहिलेले असावे. गंमत अशी, की त्या चिठ्ठीची पहिली ओळ म्हणजे खुद्द चिठ्ठीच्या नमुन्याचीच आवृत्ती! एकनाथ महाराजांनाही हे सुचले नसते.

पण चिठ्ठी वाचावी कोणी? येथे दोन घराणी पडली. पहिल्या घराण्याची रीत अशी, की कर्त्याने आपल्या लिखाणातच 'व्हर्जन' या शब्दाच्या मागेपुढे दोन-दोन अधोरेषा ओढून त्यापुढे आकडा लिहावा. ज्याला हवा त्याने तेथे पाहावा. ही पोथीच्या शेवटच्या नोंदीसारखी रीत झाली. दुसऱ्या घराण्याची रीत ग्रंथालयाच्या दाखलपुस्तकासारखी. गाठोडे यंत्रात दाखल होताना दाखल करणारा ती चिठ्ठी शेजारच्या एका कप्प्यात ठेवतो. पुस्तक न उघडता दाखलपुस्तक पाहून आवृत्ती कळते. दोन्ही रीती नांदत असल्या म्हणजे जे व्हायचे तेच होते. कर्ता चिठ्ठीतला आकडा बदलतो आणि लिखाणातला विसरतो. मग पुस्तक म्हणते मी दुसरी आवृत्ती, दाखलपुस्तक म्हणते तिसरी. शिवाय पहिली रीत सक्तीची नव्हती. कित्येकांनी आकडा लिहिलाच नाही, काहींनी भलत्याच नावाने लिहिला. २०११ साली बॅरी वॉर्सॉ यांनी, सर्वांनी लिखाणात आकडा एकाच रीतीने लिहावा, असा प्रस्ताव मांडला. तो दहा वर्षे पडून राहिला आणि २०२१ साली अमान्य झाला. तोवर ऑक्टोबर २०१९ च्या ३.८ आवृत्तीत खुद्द भाषेनेच दाखलपुस्तक वाचण्याची सोय करून दिली होती. तिचे नाव 'इम्पोर्टलिब मेटाडेटा'. तिला गाठोड्याचे नाव सांगावे, ती आवृत्ती सांगते. त्यापूर्वी हीच चौकशी 'सेटअपटूल्स' नावाच्या परक्या कारकुनामार्फत होई. तो काम चोख करी, पण एका पुस्तकाची चौकशी केली तरी आधी सारे कपाट उघडून बसे.

मला विचाराल तर दाखलपुस्तकाची रीत सोयीची, पण मन पोथीच्या नोंदीकडे ओढते. कपाट जळाले तरी पोथीतली नोंद पोथीबरोबर राहते.

नावाचीही एक अडचण आहे. आमच्या कर्जत-खालापूर भागात ठाकुरवाडी नावाच्या वाड्या एकाहून अधिक. कर्जतहून खंडाळ्याकडे घाट चढताना रेल्वेचे एक ठाणेही त्याच नावाचे. नुसते "ठाकुरवाडीला जायचे आहे" म्हटले, तर समोरचा विचारतो, "कुठली ठाकुरवाडी?" गाठोड्यांचे उलट आहे. तेथे एकाच वस्तूची दोन नावे असू शकतात, एक दप्तरातले आणि एक हाक मारायचे. चित्रे हाताळण्याचे 'पिलो' नावाचे प्रसिद्ध गाठोडे घ्या. दप्तरात त्याचे नाव पिलो. पण लिखाणात त्याला हाक मारायची ती 'पी-आय-एल' या तीन अक्षरांनी, कारण ते त्या नावाच्या एका जुन्या गाठोड्याचा वारसा घेऊन २०१० साली निघाले, आणि जुन्या लिखाणातल्या हाका फुकट जाऊ नयेत म्हणून त्याने पूर्वजाचे नाव चालू ठेवले. आता दाखलपुस्तकात पी-आय-एल शोधाल तर उत्तर मिळते की असे गाठोडे येथे नाही. ज्ञानेश्वरीचे मूळ नाव 'भावार्थदीपिका'. एखाद्या जुन्या ग्रंथालयाच्या यादीत ती 'भ' खाली लावलेली असावी आणि वाचकाने 'ज्ञ' खाली शोधून हात हलवीत परत यावे, तसलाच हा प्रकार. पुढे २०२१ साली, हाकेच्या नावावरून दप्तरातले नाव काढून देण्याची सोयही भाषेत आली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पायथनची ३.१० ही आवृत्ती निघाली, आणि एक मौज झाली. ३.१० मोठी की ३.९? गणिताच्या तासाला कोणताही मुलगा सांगेल की ३.१० म्हणजे ३.१, तेव्हा ३.९ मोठी. गणितात त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील, पण येथे तो नापास होईल. कारण हे टिंब दशांशचिन्ह नव्हे. तिसऱ्या अध्यायातली दहावी ओवी नवव्या ओवीच्या पुढेच असते, तसे हे वाचायचे. ही गोष्ट मुलांनाच नव्हे, जाणत्यांनाही चकवून गेली. आवृत्तीच्या लांबलचक ओळीतून पहिली तीन अक्षरे कापून घेण्याची सवय अनेक लिखाणांत होती, २.७ असो की ३.९, तीन अक्षरांत भागत असे. ३.१० आली तेव्हा तीन अक्षरांत ३.१ एवढेच मावले, आणि नवी कोरी आवृत्ती त्या लिखाणांना २००९ सालची वाटली! वास्तविक भाषेने २.० पासूनच हे आकडे वेगवेगळ्या खणांत मांडून ठेवले आहेत. पण कापून घेण्याचा मोह कोणाला सुटतो? (डोनाल्ड नूथ यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या 'टेक' या छपाईच्या आज्ञावलीचा आवृत्तीचा आकडा दर दुरुस्तीला एकेका अंकाने वाढतो, आणि वर्तुळाच्या 'पाय'कडे सरकत जातो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ पर्यंत आला.)

आतापर्यंतचे वाचून एखादी गृहिणी म्हणेल, "हे त्या यंत्रवाल्यांचे झाले, आम्हांला काय त्याचे?" तर तिच्यासाठी ॲम्स्टरडॅम या शब्दातले पहिले अक्षर.

जगातल्या सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी एक मोठी यादी आहे, तिला युनिकोड म्हणतात. पहिली आवृत्ती १९९१ ची. तीत देवनागरीसाठी १२८ घरांची एक चाळ राखलेली होती; काही घरांत बिऱ्हाडे आली, काही रिकामी राहिली. 'ॲ' हे आपले अक्षर तीत नव्हते. हिंदीच्या धर्तीचे, 'ए'वर चंद्र काढलेले 'ऍ' होते. पण मराठी माणूस 'अ'वर चंद्र काढतो. मग लोक काय करीत? 'अ' उमटवून त्यावर सुटी चंद्राची खूण बसवीत. काही ठिकाणी ती नीट बसे, काही ठिकाणी शेजारी टिंबांचे एक रिकामे वर्तुळ उभे राही. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडची ५.१ आवृत्ती निघाली, तेव्हा 'ॲ'ला स्वतंत्र घर मिळाले. पुढच्या वर्षी, २००९ साली, महाराष्ट्र शासनाने 'ॲ' आणि 'ऑ' यांना मराठी वर्णमालेत अधिकृत जागा दिली.

पण जुनी दोन तुकड्यांची जोडणी आणि नवे अखंड अक्षर डोळ्यांना सारखे दिसले, तरी यंत्राच्या लेखी ते एक नव्हेत. कोणी जुन्या पद्धतीने यादीत 'ॲम्ब्युलन्स' लिहिले असेल आणि दुसरा नव्या अक्षराने शोधू लागला, तर मुद्दाम तशी सोय केलेली नसल्यास यंत्र सांगते, सापडत नाही. वाडीत रात्री कोणाला साप चावला असताना असे उत्तर आले तर ते भाषाशास्त्राचे उदाहरण राहत नाही.

पायथनच्या पोटात या यादीची एक प्रत असते. तिच्यामुळेच '१२' असे देवनागरीत लिहिलेले आकडेही ती भाषा बारा म्हणून मोजते. या प्रतीला विचारता येते की तुझी आवृत्ती कोणती; 'युनिडेटा व्हर्जन' असे त्या प्रश्नाचे नाव आहे. पायथन २.५ ला विचारले तर उत्तर येते ४.१.०, म्हणजे त्याला 'ॲ' ठाऊक नाही. २.६ म्हणते ५.१.०; त्याला ठाऊक आहे.

रुपयाची कथा तर याहून चुटपूट लावणारी. पायथन २.७ ही आवृत्ती निघाली ३ जुलै २०१० रोजी, आणि तिच्यातली यादी होती ५.२ ची. बरोबर बारा दिवसांनी, १५ जुलैला, केंद्रीय मंत्रिमंडळाने उदय कुमार यांनी रेखाटलेले रुपयाचे चिन्ह स्वीकारले. ऑक्टोबरात युनिकोड ६.० ने त्याला क्रमांक दिला. फेब्रुवारी २०११ च्या पायथन ३.२ मध्ये ते आले. परंतु २.७ ची डागडुजी पुढे जवळजवळ दहा वर्षे चालू राहिली, एप्रिल २०२० मध्ये तिचे शेवटचे प्रकाशन निघाले, आणि तोवर तिच्यातली अक्षरांची यादी ५.२ ची ५.२ च राहिली. चिन्ह पडद्यावर उमटे, कारण उमटवणे हे टाइपाचे काम; पण त्या चिन्हाचे नाव विचारले तर ती भाषा शेवटपर्यंत सांगे की असे नाव नाही.

आजच्या पायथनमध्येही एक जुनी यादी जपून ठेवलेली आहे, मार्च २००२ च्या ३.२ आवृत्तीची. इंटरनेटवरच्या पत्त्यांत परदेशी लिप्या वापरण्याचे २००३ सालचे नियम त्या यादीवर आधारलेले आहेत, म्हणून ती टाकून देता आली नाही. दोन्ही याद्या एकाच घरात राहतात. ज्यांच्या घरी संगणक आहे आणि मुलांना ही भाषा येते, त्यांनी या सुटीत हा खेळ करून पाहावा. नव्या यादीला विचारावे, 'ॲ' हे कोण? ती इंग्रजीत उत्तर देते, 'देवनागरी लेटर कॅन्ड्रा ए'. मग तेच अक्षर जुन्या यादीपुढे धरावे. ती म्हणते, असे नाव नाही. 'अ'चे नाव विचारले तर मात्र दोघी एकच उत्तर देतात.