पिळलेला धातू

तांब्याची घागर मठारली की कठीण होते, हे आमच्या तांबटांना प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. हातोडीच्या घावांनी स्फटिकांत गुंता वाढतो आणि धातू पुढच्या घावाला सहजी दाद देत नाही. मात्र अणूंच्या मांडणीची मूळ तऱ्हा तीच राहते. ती तऱ्हाच पालटली तर? या प्रश्नाचा माग काढू लागलो की मी दर वेळी हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमनपाशी येऊन पोहोचतो.

1905 च्या सुमारास या गृहस्थाने दाबाचे काम हाती घेतले, तेव्हा खरी अडचण होती गळतीची. दाब चढवावा आणि द्रवाने फटीतून निसटावे! ब्रिजमनने झाकणाची जोडणीच अशी केली की आतला दाब वाढेल तसे ते अधिकच घट्ट बसावे. त्याच्या 1946 च्या नोबेल पारितोषिकाचे बीज मला या युक्तीतच दिसते. 1914 साली त्याने पांढरा फॉस्फरस सुमारे 12,000 वातावरणांच्या दाबाखाली तापवला. तो काळा झाला आणि दाब उतरवल्यावरही काळाच राहिला. दाबाने घडलेला पालट दाबाबरोबर जातोच असे नाही, हे त्या काळ्या गोळ्याने दाखवले.

1935 मध्ये त्याने दाबाला पिळाची जोड दिली. दोन कठीण ऐरणींच्या मध्ये पातळ चकती दाबून धरायची आणि एक ऐरण फिरवायची. हे सारे बळकट धातू घडवण्यासाठी नव्हते हो. पदार्थ काय करतो ते पाहण्याची हौस, एवढेच.

टायटॅनियम हा पोलादाच्या सुमारे साठ टक्के वजनाचा धातू. 1963 साली शिकागोच्या जेमिसनने क्ष-किरणांनी दाखवले की प्रचंड दाबाखाली त्याची षट्कोनी मांडणी मोडून ‘ओमेगा’ नावाची निराळीच मांडणी होते आणि ती दाब काढल्यावरही टिकते. पुढे 1980 नंतरच्या दशकात सोव्हिएत संघातील उफा येथे वालियेव्हने ब्रिजमनचा पीळ पुन्हा हाती घेतला. या रीतीने पिळलेल्या टायटॅनियमचे कण अतिसूक्ष्म होतात, ओमेगाही मागे उरतो, आणि कसलीही भेसळ न करता धातू कठीण होतो. हाडात बसवायच्या खिळ्यात व्हॅनेडियम नको असणाऱ्यांना याचे मोल कळेल.

पण ओमेगा ठिसूळ आहे, तापवला की पूर्वपदावर जातो. आणि ऐरणींमधून निघणारी चकती असते बहुधा सदऱ्याच्या गुंडीएवढी.