पोस्टमनची दुसरी हांक

पत्नीनें प्रियकराच्या साह्यानें पतीचा वध करावा, कांहीं काळ तो पचावा, आणि अखेर न्यायासनापुढें त्याचा उलगडा व्हावा, ही कथा फार जुनी आहे. न्यायालय आपला निकाल देतें, दप्तर बांधून ठेवतें व पुढच्या खटल्याकडे वळतें. परंतु समाजाचें मन तेवढ्यानें शांत होत नाहीं. तें ती गोष्ट पुन: उकरून काढतें, तिचें नाटक करतें, कादंबरी करतें, चित्रपट करतें. हा खटाटोप केवळ कुतूहलापोटीं होतो असें आम्हांस वाटत नाहीं. ‘हें कोणीं केलें?’ एवढेंच न्यायालयाला विचारतां येतें. ‘शेवटचा निवाडा कोणाचा?’ हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. तो साहित्याकडे येतो, आणि प्रत्येक युग आपापल्या श्रद्धेप्रमाणें त्याचें उत्तर देतें. १९४६ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’ या बोलपटाची पूर्वपीठिका या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

प्रथम चार शतकें मागें जाऊं. इंग्लंडच्या केंट परगण्यांत फेव्हरशॅम नांवाचें गांव आहे. तेथील एक मातबर गृहस्थ थॉमस आर्डन याचा १५५१ च्या फेब्रुवारींत त्याच्याच घरीं खून झाला. पत्नी ॲलिस व तिचा प्रियकर मॉस्बी यांनीं भाडोत्री मारेकरी लावले होते; परंतु त्यांचे बेत एकामागून एक फसत गेले, आणि अखेर आर्डन मॉस्बीबरोबर सोंगट्या खेळत बसला असतां त्याला गांठण्यांत आलें. प्रेत बाहेर शेतांत नेऊन टाकलें. पण बर्फांत उमटलेलीं पावलें पुन: त्याच घराकडे बोट दाखवूं लागलीं. पतिहत्या हा त्या काळच्या कायद्यानें राजद्रोहाचाच धाकटा भाऊ असल्यामुळें ॲलिसला कँटरबरी येथें जिवंत जाळलें. होलिन्शेडच्या बखरींत ही हकीगत सविस्तर आली, आणि १५९२ सालीं तिच्यावरचें नाटक छापून निघालें. त्याचा कर्ता कोण याविषयीं विद्वानांचें अद्यापि एकमत नाहीं.

त्या बखरकाराच्या जगांत शेवटचा निवाडा ईश्वराचा होता, याविषयीं त्याला तिळमात्र शंका नव्हती. प्रेत जेथें पडलें होतें तेथें गवतावर देहाची आकृति पुढें वर्षानुवर्षें दिसत होती, असें तो श्रद्धेनें लिहितो. परंतु तीच बखर आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती आमच्या मतें अधिक महत्त्वाची आहे. ब्रॅडशॉ नांवाच्या एका सोनारानें ॲलिसला एक पत्र पोंचतें केलें होतें. पत्रांत काय आहे हें त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतें. त्यालाहि देहान्ताची शिक्षा झाली. खऱ्या गुन्हेगारांबरोबर एक निरपराधी सुळीं गेला, आणि ईश्वरी न्यायाची ग्वाही देणाऱ्या ग्रंथांतच त्याच्या निरपराधित्वाची नोंद राहिली. हा ब्रॅडशॉ वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां १९२७ सालच्या न्यूयॉर्ककडे वळूं. शहराच्या क्वीन्स भागांत आल्बर्ट स्नायडर नांवाचा, एका नौकाविषयक मासिकाचा कलासंपादक राहत असे. त्याची पत्नी रूथ आणि स्त्रियांच्या कांचोळ्या विकणारा फिरता विक्रेता जड ग्रे यांचा संबंध जडला होता. रूथनें नवऱ्याच्या जिवाचा विमा उतरविला होता, आणि मृत्यु आकस्मिक किंवा घातपाती असल्यास रक्कम दुप्पट मिळावी असें एक कलम त्यांत होतें. २० मार्च १९२७ च्या पहांटे खिडकीच्या वजनाचा लोखंडी ठोकळा, क्लोरोफॉर्म व चित्र टांगण्याची तार अशा तिन्ही साधनांनीं आल्बर्टचा अंत करण्यांत आला. चोर आले होते अशी बतावणी झाली. पण चोरीस गेलेले म्हणून सांगितलेले दागिने गादीखालीं सांपडले! पोलिसांना घरांत ‘जे. जी.’ हीं अक्षरें आढळलीं. तीं वास्तविक आल्बर्टच्या दिवंगत वाग्दत्त वधूच्या नांवाचीं होतीं. परंतु त्यांविषयीं प्रश्न होतांच रूथच्या तोंडून जड ग्रेचें नांव बाहेर पडलें, असें त्या वेळच्या वृत्तांतांत नमूद आहे. मृत प्रेयसीच्या आद्याक्षरांनीं जिवंत प्रियकर धरून द्यावा, हा योगायोग कादंबरींत वाचला असता तर आपण लेखकाला हंसलों असतों. डेमन रन्यन या पत्रकारानें तर या खुनाला मूर्खपणाचा खून असेंच नांव ठेविलें.

खटला त्याच वर्षाच्या एप्रिल-मे महिन्यांत चालला. तो पाहावयास नाटकांतील, चित्रपटांतील व धर्मपीठावरील नामांकित मंडळी लोटली. दिग्दर्शक ग्रिफिथ आला, तत्त्वज्ञानाचा इतिहासकार विल ड्युरंट आला. मात्र त्या खटल्याचें खरें रहस्य प्रेक्षकांच्या गर्दींत नव्हतें. दोन्ही आरोपींचा विचार एकत्र व्हावयाचा होता, पण वकील निरनिराळे होते. त्यामुळें एकमेकांवांचून क्षणभर न राहूं शकणारीं तीं दोघें एकाच न्यायालयांत बसून एकमेकांच्या गळ्याला फांस लावूं लागलीं. ‘तिनें मला भरीस घातलें’ हें एकाचें म्हणणें. ‘त्यानें केलें, मी अडवीत होतें’ हें दुसरीचें. निवाडा देणारे बाराहि पंच पुरुष होते; न्यूयॉर्क राज्यांत स्त्रियांना पंच म्हणून बसण्याचा अधिकार १९३७ पर्यंत मिळालेला नव्हता. ९ मे रोजीं दोघेंहि दोषी ठरलीं, आणि १२ जानेवारी १९२८ च्या रात्रीं सिंग सिंग तुरुंगांत विजेच्या खुर्चीवर दोघांचा अंत झाला. टॉम हॉवर्ड या छायाचित्रकारानें घोट्याला लहानसा कॅमेरा बांधून रूथच्या मरणक्षणाचें चित्र चोरून घेतलें, आणि दुसऱ्या दिवशीं ‘डेली न्यूज’च्या पहिल्या पानावर तें झळकलें. फेव्हरशॅमच्या गवतावर उमटलेली आकृति ईश्वराची साक्ष होती. या कागदावरची आकृति खपाची साक्ष होती.

या खटल्यानें ज्यांच्या मनांत घर केलें त्यांत जेम्स केन हा एक होता. १८९२ सालीं मेरीलंडमध्यें जन्मलेला हा गृहस्थ एका कॉलेजच्या प्राचार्याचा मुलगा. त्यानें बाल्टिमोर व न्यूयॉर्क येथें वृत्तपत्रांत नोकरी केली, आणि १९३१ सालीं तो हॉलिवूडला गेला. तेथें त्याचें फारसें बस्तान बसलें नाहीं, पण १९३४ सालीं त्याची पहिली कादंबरी निघाली. ती लहानशी होती, भाषा रस्त्यावरची होती, आणि बॉस्टन येथें तिच्यावर बंदी आली. रूथनें ग्रेला निरोप देतांना विषमिश्रित मद्याची बाटली बरोबर दिली होती, असें केननें ऐकलें होतें. त्यावरून त्याला सुचलें तें असें: दोन माणसें मिळून खून करूं शकतील, पण तें भयंकर गुपित वांटून घेऊन दोघांना एका पृथ्वीवर नांदतां येणार नाहीं. साऱ्या कादंबरीचें बीज एवढेंच आहे.

कथा थोडक्यांत अशी. कॅलिफोर्नियांत हमरस्त्यावर निक नांवाच्या ग्रीकाचें खाणावळवजा दुकान असतें. फ्रँक हा भटक्या तेथें नोकरीस राहतो व निकची पत्नी कोरा हिच्या प्रेमांत पडतो. खुनाचा पहिला प्रयत्न न्हाणीघरांत होतो. तितक्यांत एक मांजर विजेच्या पेटीवर चढतें, स्वत: मरतें, दिवे जातात आणि निक वांचतो. दुसऱ्या प्रयत्नांत मोटार दरींत लोटून अपघाताचा देखावा करतात. डोंगरांत प्रतिध्वनि ऐकण्यासाठीं निक सूर लावतो. घाव बसून तो निपचित पडतो, आणि त्यानंतर त्याचाच सूर दरींतून परत येतो. साध्या साधनांतून इतका शहारा आणणारें दुसरें स्थळ त्या काळच्या अमेरिकन कादंबरींत आमच्या तरी आढळांत नाहीं.

त्यापुढचा न्यायालयाचा भाग हा या कृतीचा कणा होय. सरकारी वकील सॅकेट हा फ्रँकला भिवडवून कोराविरुद्ध फिर्यादीवर त्याची सही घेतो. कोराला तें कळतांच ती संतापानें सर्व कबुली देऊन टाकते. मात्र तिच्या वकिलानें आपलाच माणूस पुढें करून ती कबुली घेतलेली असते, आणि ती दडपली जाते. कादंबरींत तर निकाल फिरतो तो विमा कंपन्यांच्या जमाखर्चावर: कोणती साक्ष दिली असतां कोणाला किती भुर्दंड पडेल, या हिशेबावर. दोन्ही वकिलांची आपसांत शंभर डॉलरांची पैज लागलेली असते! खून झालेला असूनहि कोरा जवळजवळ मोकळी सुटते. पुढें तीं दोघें समेट करतात, नव्या आयुष्याची आशा धरतात, आणि समुद्रस्नानाहून परततांना मोटारीच्या खऱ्याखुऱ्या अपघातांत कोरा मरते. जो खून केला त्यांतून फ्रँक सुटला. जो केला नाहीं त्यासाठीं त्याला देहदंड होतो.

कादंबरींत पोस्टमनचें पात्र नाहीं. केनचा मित्र, पटकथालेखक व्हिन्सेंट लॉरेन्स, यानें पाठविलेल्या हस्तलिखिताच्या उत्तराची वाट पाहतांना पोस्टमन नेहमीं दोनदां घंटा वाजवितो असें म्हटलें होतें, आणि त्यावरून हें नांव सुचलें, अशी हकीगत खुद्द केननें दिली आहे. पहिली हांक ऐकूं आली नाहीं तरी दुसरी चुकत नाहीं, हा त्याचा भावार्थ.

मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें कादंबरीचे हक्क १९३४ सालींच घेतले. पण त्याच वर्षीं जोसेफ ब्रीनच्या देखरेखीखालीं चित्रपटांची आचारसंहिता कडकपणें अमलांत आली, आणि बारा वर्षें हें कथानक कपाटांत पडून राहिलें. व्यभिचार आकर्षक दिसूं नये, गुन्हेगाराविषयीं सहानुभूति उपजूं नये, असा तिचा दंडक होता. १९४४ सालीं केनच्याच दुसऱ्या कथेवरून बिली वाइल्डरनें ‘डबल इन्डेम्निटी’ हा चित्रपट काढला, तेव्हां वाट मोकळी झाली. तोंवर फ्रान्समध्यें १९३९ सालीं पिएर शेनालनें व इटलींत १९४३ सालीं लुकिनो व्हिस्कॉन्तीनें ही कथा पडद्यावर आणिलीहि होती. व्हिस्कॉन्तीनें तर हक्क न घेतांच! अखेर टे गार्नेट याच्या दिग्दर्शनाखालीं मूळ देशांत ती अवतरली. लॅना टर्नर कोरा झाली, जॉन गारफील्ड फ्रँक झाला, आणि ग्रीक निकचा निक स्मिथ झाला. कोराला जवळजवळ सर्वत्र शुभ्र वस्त्रें दिलीं आहेत. अंधारानें भरलेल्या चित्रांत तो शुभ्रपणा डोळ्यांना खुपत राहतो. अशा काळोख्या चित्रपटांना ‘फिल्म न्वार’ म्हणावें, ही सूचना त्याच १९४६ च्या उन्हाळ्यांत निनो फ्रँक या समीक्षकानें पॅरिसमध्यें केली.

चित्रपटाच्या शेवटीं सॅकेट तुरुंगांत येतो. कोरानें मागें ठेविलेली एक चिठी निकच्या खुनाचा पुरावा म्हणून त्याच्या हातीं लागलेली असते. कोराच्या मृत्यूबद्दलची शिक्षा टळली तरी निकसाठीं ती भोगावीच लागेल, हें फ्रँकला पटतें, आणि पोस्टमनच्या दुसऱ्या हांकेचा अर्थ तो स्वत:च सांगतो. प्रेक्षक समाधानानें घरीं जातो. नियतीनें हिशेब चुकता केला!

आमचा आक्षेप या समाधानाला आहे. तक्षकाच्या भयानें परीक्षितीनें एकस्तंभी महालांत राहावें, आणि तक्षकानें फळांतील अळीच्या रूपानें आंत यावें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. तेथें काळ बाहेरून येतो. या चित्रपटांत बाहेरून कांहींच येत नाहीं. मांजर, मोटार, चिठी हीं नियतीचीं निमित्तें दिसतात खरीं. पण त्या दोघांचा घात होतो तो सॅकेटच्या कागदावर फ्रँक सही करतो त्या क्षणीं. तेथून पुढें प्रत्येक मिठींत संशय आहे. रूथ आणि ग्रे यांचा शेवटहि खुर्चीवर बसण्याआधींच, एकमेकांविरुद्ध साक्ष देतांना झाला होता. ज्याला आपण नियति म्हणतों तें पुष्कळदां विश्वासाच्या मरणाचें भारदस्त नांव असतें.

आणि न्यायाचें काय? कोराच्या मृत्यूबद्दल फ्रँक निर्दोष होता. राज्यानें त्याला भलत्याच आरोपावर मारलें, आणि दुसरा गुन्हा त्याच्या पदरीं होता म्हणून आपण मान डोलावली. कर्मफलाचा सिद्धान्त मानणाराला असें मान डोलावणें सोपें जातें. पण कर्माचा हिशेब ठेवणारा सर्वज्ञ असतो आणि शिरस्तेदार सर्वज्ञ नसतो, हें विसरून चालणार नाहीं. चुकीच्या आरोपावर बरोबर माणूस मारला गेला तरी चालतें, असें एकदां ठरलें, कीं त्याच दारानें ब्रॅडशॉ आंत येतो. त्याच्या पदरीं दुसरा गुन्हा नव्हता. होतें तें फक्त एक पोंचतें केलेलें पत्र. पंचांना हा फरक कळला नाहीं, आणि तो कळला नाहीं हें बखरकारानें लिहून ठेविलें. ज्या कथेंत पोस्टमनची हांक कधीं चुकत नाहीं, ती पडद्यावर शोभते. न्यायमंदिराच्या दारावर ती हांक पुष्कळदां चुकीच्या घरीं पडलेली आहे, आणि अशा वेळीं दार उघडणारा परत आलेला नाहीं.