पेटीतून आलेले ग्रंथालय

शाळेत गिरवलेली अक्षरे वाचनाअभावी किती लवकर पुसली जातात, हे साक्षरतावर्ग चालविणाऱ्या कोणालाही विचारावे. बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा सयाजीराव गायकवाडांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. मुले वाचावयास शिकली. पण आपल्या गावी ती वाचणार काय?

१९१० साली महाराजांनी विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. ते जेमतेम तीन वर्षे राहिले. परंतु तेवढ्या अवधीत ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते आकारास आले, ग्रंथपालांचे वर्ग निघाले आणि इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतून एक नियतकालिकही सुरू झाले.

गावच्या वाचनालयाचा खर्च तिघांनी उचलावयाचा असे: एक वाटा लोकांचा, एक पंचायतीचा, एक सरकारचा. सारेच फुकट मिळाले असते, तर गावाने ते आपले मानले असते का, अशी मला शंका आहे. जेथे वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेट्या जात. एकेका पेटीत पंधरा ते तीस पुस्तके. वाहतुकीचा भार खात्यावर.

मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती त्या खात्याची एक निराळीच शाखा. निरक्षरांच्या वाट्यालाही ग्रंथालय यावे, म्हणून तिची माणसे मॅजिक लँटर्न व चलच्चित्रांची यंत्रे घेऊन गावोगाव हिंडत आणि जमलेल्या लोकांना पडद्यावर चित्रे दाखवीत.