अंकोरचे भग्नावशेष : धम्मसहलीला निघण्यापूर्वी

हिवरखेड, तेल्हारा, अकोट या भागात बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी करून आलेले उपासक-उपासिका गावोगावी भेटतात. आता काही जण थायलंड-कंबोडियाच्या सहलीचे नाव घेऊ लागले आहेत. सहलीच्या पत्रकावर अंकोर वाटचे चित्र असते आणि खाली दोनपैकी एक ओळ असते : ‘जगातील सर्वात मोठे हिंदू मंदिर’ किंवा ‘प्राचीन बौद्ध स्थळ’. दोन्ही ओळी अर्ध्याच खऱ्या आहेत. पूर्ण गोष्ट माहीत नसेल तर हजारो रुपये खर्चून आपण फक्त फोटो घेऊन परत येऊ. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

अंकोर म्हणजे काय?

‘अंकोर’ हा शब्द आपल्या ‘नगर’ या शब्दापासूनच झालेला आहे. कंबोडियातील सीएम रीप शहराजवळ ख्मेर राजांची ही राजधानी होती. ख्मेर साम्राज्याचा आरंभ इ.स. ८०२ पासून मानला जातो. त्या वर्षी दुसऱ्या जयवर्मनने कुलेन डोंगरावर स्वतःला सार्वभौम राजा घोषित केले. पुढची सुमारे सहाशे वर्षे या परिसरात मंदिरे, विहार, तलाव आणि कालवे बांधले गेले. त्यामुळे अंकोर म्हणजे एक इमारत नव्हे, दूरवर पसरलेला मोठा परिसर आहे. युनेस्कोने १९९२ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

अंकोर वाट : बांधले विष्णूसाठी, जपले भिक्खूंनी

अंकोर वाट बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने विष्णूसाठी बांधले. त्याचे मुख पश्चिमेकडे आहे. भोवतालचा खंदक सुमारे १९० मीटर रुंद आणि मधला मनोरा सुमारे ६५ मीटर उंच आहे. खालच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर कुरुक्षेत्राचे युद्ध, लंकेचे युद्ध आणि समुद्रमंथन कोरलेले आहे. ही वस्तुस्थिती आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही.

पण पुढची वस्तुस्थितीही तितकीच खरी आहे. कंबोडियाचा समाज थेरवाद बौद्ध झाल्यावर हीच वास्तू बौद्ध उपासनेचे स्थान बनली. अंकोर राजधानी राहिली नाही, आसपासची मंदिरे जंगलात हरवली, तरी अंकोर वाट पूर्णपणे ओसाड पडले नाही. तिथे भिक्खू राहिले, बुद्धमूर्ती बसल्या, यात्रेकरू येत राहिले. ‘वाट’ म्हणजे ख्मेर भाषेत विहार. आजही आत बुद्धमूर्तीसमोर अगरबत्ती लावणारी ख्मेर कुटुंबे दिसतात.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपण विष्णूच्या मंदिरात का जायचे, असा प्रश्न काही ज्येष्ठ विचारतात. आमचे उत्तर साधे आहे. प्रतिज्ञा पूजेबाबत आहेत, इतिहास पाहण्याबाबत नाहीत. शिवाय तिथे आज जी वंदना होते ती तथागतांचीच होते.

सातवा जयवर्मन आणि १०२ रुग्णालये

वेळ कमी असेल तर अंकोर वाटइतकाच वेळ सातव्या जयवर्मनच्या वास्तूंना द्यावा. हा राजा ११८१ मध्ये गादीवर आला. तो महायानी बौद्ध होता. त्याच्या चार वास्तू आवर्जून पाहाव्यात.

बायोन : अंकोर थोम या तटबंदीच्या नगराच्या मध्यभागी. मनोऱ्यांच्या चारही बाजूंना मंद हसणारे भव्य चेहरे आहेत. ते अवलोकितेश्वराचे की राजाचे, यावर संशोधकांत एकमत नाही. बाहेरच्या भिंतींवर युद्धाबरोबरच बाजार, स्वयंपाक, मासेमारी अशी साध्या माणसांची चित्रे आहेत. ती घाईत सोडू नयेत.

ता प्रोम : ११८६ मध्ये आईच्या स्मरणार्थ. इथे मुख्य मूर्ती प्रज्ञापारमितेची होती. भिंतींना वेढणारी मोठी झाडे हे याचे प्रसिद्ध दृश्य.

प्राह खान : ११९१ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ. मध्यभागी लोकेश्वर, तर पश्चिमेला विष्णूची आणि उत्तरेला शिवाची देवळे. बौद्ध राजाने इतरांच्या उपासनेलाही जागा दिली होती.

नीक पोआन : पाण्याच्या मधोमध बेटावर बांधलेले कुंड. रोग बरे करणाऱ्या अनवतप्त सरोवराची ही प्रतिकृती मानतात.

ता प्रोमच्या संस्कृत शिलालेखात राज्यातील १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे. रुग्णालयांच्या शिलालेखांत औषधांची आणि सेवकांची तपशीलवार नोंद आहे. चारही वर्णांच्या लोकांवर तिथे उपचार होतील, असेही त्यात म्हटले आहे. विहिरीच्या पाण्यासाठी आणि दवाखान्याच्या पायरीसाठी ज्यांच्या आजोबा-पणजोबांना झगडावे लागले, त्यांनी ही ओळ थांबून वाचावी.

मात्र डोळे मिटून कौतुकही करू नये. त्याच शिलालेखानुसार ता प्रोमच्या सेवेसाठी ३,१४० गावे आणि ७९,३६५ माणसे लावलेली होती. एवढे दगड करुणेने आपोआप उभे राहिले नाहीत. ते वाहणाऱ्यांची नावे कुठेच कोरलेली नाहीत.

छिन्नीच्या खुणा

सातव्या जयवर्मननंतर, तेराव्या शतकात, बुद्धमूर्तींवर घाव पडले. हे आठव्या जयवर्मनच्या काळात घडले असे बहुतेक अभ्यासक मानतात. प्राह खान आणि ता प्रोममध्ये भिंतींवरच्या कोनाड्यांकडे लक्ष द्यावे. काही ठिकाणी ध्यानस्थ बुद्ध खरवडून काढलेले आहेत, काही ठिकाणी त्यांना दाढी कोरून ऋषी बनवले आहे, तर काही ठिकाणी त्यांच्या जागी शिवलिंग कोरले आहे. बायोनच्या मुख्य गाभाऱ्यातील बुद्धमूर्तीचे तुकडे करून ते खालच्या विवरात टाकले होते. १९३३ मध्ये फ्रेंच संशोधक जॉर्ज त्रूव्हे यांना ते सापडले. नागाच्या फण्याखाली बसलेली, सुमारे ३.६ मीटर उंचीची ती मूर्ती जोडून अंकोर थोममध्येच एका साध्या छपराखाली ठेवली आहे. पर्यटकांची गर्दी तिथे नसते. आपल्या लोकांनी तिथे जरूर जावे आणि वंदना घ्यावी.

आपल्याकडे लेण्याद्रीच्या बौद्ध लेण्यांत गणपती बसलेला आपण पाहतो आणि लेण्यांची ओळख पुसली जाऊ नये असा आग्रह धरतो. तो योग्यच आहे. अंकोरला मात्र दोन्ही दिशांनी झालेला बदल एकाच परिसरात दिसतो : विष्णूचे मंदिर विहार झाले आणि बुद्धाच्या मूर्तीचे लिंग झाले. यातला फक्त आपल्या सोयीचा भाग सांगितला तर आपला आग्रह लंगडा पडतो. इतिहास पुराव्याने सांगायचा असेल, तर तो संपूर्ण सांगावा लागतो.

भारताचे काम

१९८६ ते १९९३ या काळात, कंबोडिया यादवीतून सावरत असताना, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने अंकोर वाटच्या दुरुस्तीचे काम केले. पुढे ता प्रोमचे कामही याच खात्याने कंबोडियाच्या अप्सरा प्राधिकरणासोबत हाती घेतले. तिथल्या नर्तनगृहाचे जीर्णोद्धारानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाले.

हे स्थळ जिवंत आहे

१९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने भिक्खूंना चीवर उतरवायला लावले, अनेकांना ठार केले, विहार गोदामे म्हणून वापरले. त्यातून उरलेल्या मोजक्या भिक्खूंनी आणि उपासकांनी धम्म पुन्हा उभा केला. म्हणून अंकोरच्या ओवरीत एखादे वृद्ध भन्ते दिसले तर त्यांच्याकडे फोटोची वस्तू म्हणून पाहू नये. त्रिसरण-पंचशील तिथेही पालीतच म्हणतात. उच्चार थोडा वेगळा असतो, पण आपण म्हणू लागलो की समोरच्याला लगेच ओळख पटते.

प्रवासाची व्यवस्था

कसे जावे : हिवरखेडहून जाणारी मीटरगेज गाडी बंद झाली, त्यामुळे आधी अकोल्याला येण्याची सोय पाहावी. अकोल्याहून रेल्वेने मुंबई किंवा नागपूर आणि पुढे विमान. बहुधा बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलावे लागते. सीएम रीपचे नवे विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाले. ते शहरापासून बरेच दूर आहे, त्यामुळे गाडी आधी ठरवावी. २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर चकमकी झाल्या. थायलंडहून रस्त्याने जाण्याचा बेत असेल तर परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

केव्हा जावे : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. आपल्याकडे हेच दिवस कापूस वेचणीचे आणि तुरीचे. शेतकरी कुटुंबांना जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी सोयीचा पडतो. एप्रिलमध्ये ऊन आणि दमटपणा दोन्ही असतात.

तिकीट : परदेशी पाहुण्यांसाठी एका दिवसाचे ३७, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२ अमेरिकी डॉलर असे दर २०१७ पासून लागू झाले. निघताना दर पुन्हा तपासावेत. तिकिटावर आपला फोटो असतो, ते दुसऱ्याला चालत नाही. तीन दिवसांचे तिकीट घ्यावे, एका दिवसात काही कळत नाही. व्यवहारात डॉलर चालतात, पण फाटकी नोट कोणी घेत नाही.

पोशाख व वागणूक : खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. साडी, सलवार-कुर्ता, साधा पांढरा पोशाख उत्तम. अंकोर वाटच्या सर्वात वरच्या भागाचा जिना फार उभा आहे, गुडघेदुखी असलेल्यांनी खालीच थांबावे. उपोसथाच्या दिवशी तो भाग पाहुण्यांसाठी बंद असतो, म्हणून पौर्णिमा-अमावास्या-अष्टमी पाहून बेत करावा. महिलांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, दान हाती देण्याऐवजी समोर ठेवावे. कोरीव कामाला हात लावू नये. जुनी मूर्ती म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नये. कंबोडियाची मंदिरे अशाच खरेदीमुळे लुटली गेली आहेत.

जेवण : भाजीतही बऱ्याचदा मासळीचा खार असतो. शाकाहारींनी आधीच सांगावे.

परत आल्यावर

अंकोरला जाऊन आलेल्यांनी एक काम जरूर करावे. हिवरखेडच्या शेजारच्याच संग्रामपूर तालुक्यात, पूर्णा नदीकाठी, भोण हे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे विटांचा स्तूप आणि कड्यांच्या विहिरी सापडल्या. हे गाव जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. त्या स्तूपाला ना तिकीट आहे, ना पत्रकावर चित्र.

अंकोरचे दगड जगभरातल्या देशांनी मिळून वाचवले, कारण ते पाहायला लोक आले, त्यावर लिहिले, बोलले. भोणच्या बाबतीत ते काम आपल्यालाच करावे लागेल. कंबोडियाचा खर्च ज्यांना झेपणार नाही, त्यांनी एका रविवारी मुलांना घेऊन भोणला जावे. जमिनीत काय सापडले ते त्यांना सांगावे, आणि पाणी चढण्याआधी त्या जागेचे काय होणार हा प्रश्न आपल्या ग्रामसभेत आणि लोकप्रतिनिधींसमोर ठेवावा.