उद्यानातला जपान आणि आपला ऋतू

गेल्या काही वर्षांत जपानी संस्कृतीचे उत्सव आपल्या शहरांतील उद्यानांत, मैदानांत आणि मॉलांच्या अंगणांत भरू लागले आहेत. त्यांचा आराखडा आता परिचयाचा झाला आहे. एका कोपऱ्यात कागदाचे पक्षी घडवणारी मुले, दुसरीकडे इकेबानाची मांडणी, किमोनो नेसून छायाचित्र काढून घेण्याची सोय, आणि शेवटी खाद्यपदार्थांची रांग. यात गैर असे काहीच नाही. परक्या संस्कृतीशी पहिली ओळख बहुधा वस्तूंच्या वाटेनेच होते. तरीही साहित्याचे अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्यांना एक प्रश्न पडतो. अशा उत्सवासाठी उद्यानच का निवडावे? सभागृहात जे दाखवता येते तेच झाडांखाली मांडले, तर झाडांचे त्यात प्रयोजन काय? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास जपानच्याच इतिहासाकडे वळावे लागते, आणि तिथून परतीची वाट थेट आपल्या उपनगरांत येते.

जपानमध्ये उद्यानातल्या उत्सवाचे मूळ 'हानामी' या प्रथेत आहे. हानामी म्हणजे शब्दशः फूल पाहणे. आठव्या शतकातील नारा काळात हे फूल चीनमधून आलेल्या 'उमे' या झाडाचे होते. 'मान्योशू' या प्राचीन काव्यसंग्रहात साकुरापेक्षा उमेवरील कविता पुष्कळ अधिक आहेत. पुढे हेइआन काळात दरबारी अभिरुची साकुराकडे, म्हणजे चेरीकडे वळली, आणि नुसते 'फूल' म्हटले की कवितेत चेरीच अभिप्रेत असू लागली. जपानची म्हणून आज जगभर ओळखली जाणारी ही प्रथा अशा रीतीने आधी आयात झाली आणि मग स्वतःच्या भूमीतले झाड शोधून स्थिरावली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

फार काळ हे फूल पाहणे सत्ताधीशांचे सुख होते. १५९८ साली तोयोतोमी हिदेयोशी याने क्योतोजवळच्या दाइगो येथे सुमारे तेराशे निमंत्रितांसह जो हानामी साजरा केला, तो वैभवाचे प्रदर्शन म्हणूनच इतिहासात नोंदला गेला. त्याच वर्षी तो मरण पावला. सामान्यांच्या वाट्याला फुले आली ती अठराव्या शतकात. शोगुन तोकुगावा योशिमुने याने १७२० च्या सुमारास एदो शहरानजीक आसुकायामा टेकडीवर चेरीची झाडे लावून घेतली आणि ती जागा लोकांना खुली केली. उएनो येथील झाडे त्याआधीही प्रसिद्ध होती; पण तिथे तोकुगावा घराण्याचे कान्एइजी हे मंदिर असल्यामुळे खाण्यापिण्यावर, गाण्याबजावण्यावर निर्बंध होते. आसुकायामावर ते नव्हते. चटई टाकून बसावे, घरून आणलेले खावे, गावे, ओळी जुळवाव्यात, असे त्या टेकडीचे स्वरूप झाले.

'सार्वजनिक उद्यान' ही संस्था मात्र जपानमध्ये याहून अर्वाचीन आहे. १८६८ साली उएनोत नव्या सम्राटवादी फौजेची शोगुनच्या निष्ठावंतांशी लढाई झाली आणि मंदिराचा बहुतेक परिसर जळून गेला. १८७३ च्या सरकारी हुकमाने उएनो, आसुकायामा यांच्यासह पाच जागा उद्याने म्हणून घोषित झाल्या. भायखळ्याचा राणीचा बाग, आजचे जिजामाता उद्यान, १८६२ साली लोकांना खुला झाला होता, हे आठवले की दोन्ही शहरे एकाच शतकात एकाच नव्या कल्पनेला सामोरी जात होती हे दिसते. उएनोतच १८७७ साली देशी उद्योगांचे पहिले राष्ट्रीय प्रदर्शन भरले. म्हणजे उद्यान लोकांचे झाले त्याच सुमारास ते राष्ट्राच्या प्रदर्शनाचे दालनही झाले. आजच्या सांस्कृतिक उत्सवांत हे दोन्ही वारसे एकमेकांत मिसळलेले असतात: चटईवर बसणाऱ्यांचा एक, आणि दालन मांडणाऱ्यांचा दुसरा.

दुसऱ्या वारशाचे काय होऊ शकते याचे बोलके उदाहरण वॉशिंग्टनचे आहे. तोक्योहून १९१० साली आलेली पहिली दोन हजार झाडे कीड लागल्याचे आढळल्यामुळे जाळावी लागली. १९१२ साली ३,०२० झाडांची दुसरी भेट आली, ती तिथल्या जलाशयाकाठी रुजली, आणि १९३५ पासून तिच्या बहराचा अधिकृत उत्सव सुरू झाला. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा अज्ञात हातांनी त्यांतली चार झाडे तोडली. युद्धकाळात उत्सव बंद राहिला तो १९४७ साली पुन्हा सुरू झाला. पुढे १९५२ साली तोक्योजवळच्या आराकावा नदीकाठचे मूळचे चेरीवन खालावले तेव्हा त्याच्या पुनरुज्जीवनासाठी वॉशिंग्टनच्या झाडांच्या फांद्या जपानला पाठवण्यात आल्या. दूताची भूमिका लादलेल्या झाडाला दूताचे भोगही भोगावे लागतात. पण झाडे स्वतः कोणाच्याच बाजूने नसतात, म्हणूनच ती परत देता आली.

महाराष्ट्रात जपानी उद्यानाचा विचार निघाला की पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील 'पुणे-ओकायामा मैत्री उद्याना'चे नाव प्रथम येते. सुमारे दहा एकरांतले हे उद्यान ओकायामा शहरातील कोराकुएन या उद्यानावरून स्फुरले आहे. कोराकुएनची उभारणी तिथल्या इकेदा घराण्याच्या सरंजामदाराने १६८७ मध्ये सुरू केली आणि १७०० मध्ये ते पूर्णत्वास गेले. एरवी ते खासगी होते. ठरावीक दिवशी मात्र सामान्य लोकांना आत येता येई. १८८४ साली ते सरकारी मालकीचे होऊन सर्वांना खुले झाले. १९३४ च्या पुराने आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्याने त्याची नासधूस झाली, तेव्हा एदो काळातील चित्रांच्या आणि नोंदींच्या आधारे ते पुन्हा उभारले गेले. त्याला 'कोराकुएन' हे नाव १८७१ मध्ये मिळाले. त्याचा आशय एका चिनी वचनातून घेतलेला आहे: राज्यकर्त्याने जगाच्या दुःखाची चिंता सर्वांआधी करावी, आणि सुखाचा उपभोग सर्वांनंतर घ्यावा. शोभेच्या या बागेत भाताची खाचरे आणि चहाचा मळाही आहे. ज्यांच्या श्रमावर बाग उभी राहिली, त्यांची खूण बागेतच राहिली.

पुण्याच्या उद्यानाला पु. ल. देशपांडे यांचे नाव दिले गेले, हे आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटते. 'पूर्वरंग'मध्ये पु. लं.नी जपानचा प्रवास मराठी वाचकाच्या घरात आणून सोडला. परक्या रीती पाहताना आपल्या रीती आठवणे, हसता हसता दोन्हींची बूज राखणे, ही त्यांच्या प्रवासवर्णनाची प्रकृती आहे. जपानी उद्यानाला मराठी विनोदकाराचे नाव हा योगायोग असो वा नसो, त्यातून एक निकष मात्र हाती लागतो. परकी संस्कृती आपल्याकडे आली की तिने आपल्याला आपल्याच गोष्टींकडे नव्याने पाहायला लावले का, हा तो निकष.

मराठी कवितेत हा निकष हायकूच्या निमित्ताने लावून पाहता येतो. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला आणि त्यांच्यामागून अनेकांनी तो लिहिला. अभ्यासक्रमांत आणि कार्यशाळांत मात्र हायकूची ओळख बहुधा तीन ओळी आणि सतरा अक्षरे एवढ्यावरच आटोपते. जपानी परंपरेत याइतकेच महत्त्व 'किगो'ला, म्हणजे ऋतुशब्दाला आहे. बेडूक म्हटले की वसंत, चंद्र म्हटला की शरद, असा तो संकेत आहे. आणि असे शब्द ऋतुवार लावून देणारे 'साइजिकी' नावाचे कोश कवीच्या हाताशी असतात. हायकू लिहिणारा माणूस त्यामुळे एकटा राहत नाही. एकाच हवामानात जगणाऱ्या, एकाच स्मृतीत वाढलेल्या समाजाशी तो एका शब्दाने जोडला जातो. अक्षरांची मोजणी सहज आयात होते. ऋतुशब्द आयात होऊ शकत नाही, तो ज्याने त्याने आपल्या अंगणातच शोधावा लागतो.

आणि आपल्या अंगणात तो नाही असेही नाही. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांची झाडे, पाखरे, ऊन, पाऊस, आकाशाचे रंग यांची त्यातली नोंद हे मराठीतले साइजिकीच म्हणावे लागेल. फरक इतकाच की ते कोशरूपाने नव्हे, ललित गद्याच्या रूपाने अवतरले. जपानच्या चंद्रदर्शनाचा सण, 'त्सुकिमी', आपल्या कोजागिरीच्या कधी महिनाभर आधी येतो, तर कधी नेमका त्याच रात्री. २०२५ साली ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच पौर्णिमेला होते. तिकडे तुऱ्यांचे गवत आणि तांदळाच्या पिठाचे गोळे, इकडे आटीव दूध. जपानी उत्सव भरवणाऱ्याने अशी एक रात्र निवडली, तर तिथे दालनांची गरजही फारशी उरणार नाही.

आता उपनगरांकडे येऊ. फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रोळी-घाटकोपरच्या बाजूला पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेची झाडे गुलाबी फुलांनी भरून जातात, आणि 'मुंबईचा चेरी ब्लॉसम' म्हणून त्यांची छायाचित्रे सर्वत्र फिरू लागतात. हे झाड बसंत रानीचे. त्याचे मूळ ना जपानचे ना भारताचे; ते मध्य अमेरिकेकडचे, एल साल्वादोर या देशाचे राष्ट्रीय झाड. अशी सरमिसळ पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण उमेपासून साकुरापर्यंतचा प्रवास आपण पाहिलाच आहे. २०२५ साली उन्नत मार्गाच्या प्रस्तावामुळे या झाडांवर कुऱ्हाड येण्याची चिन्हे दिसली तेव्हा लोकांनी आवाज उठवला, आणि ती वाचवण्यासाठी आराखडा बदलण्याची घोषणा झाली. ज्या झाडाखाली लोक दरवर्षी थांबतात ते झाड गुपचूप तोडता येत नाही. हानामीचे नागरी मूल्य याहून अधिक स्पष्टपणे सांगता येणार नाही.

मग जी झाडे कोणी पाहतच नाही त्यांचे काय? बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फाल्गुनात पळस पेटतो, काटेसावर फुलते. तिथली कारवी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा सामुदायिक बहर धरते आणि बी टाकून मरून जाते. क्षणभंगुरतेचे सौंदर्य शिकवण्यासाठी याहून नेमके फूल जपानलाही मिळाले नसते.

याच उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे सुरू झालेल्या या वसतीला सोपारा, कल्याण इथल्या व्यापाऱ्यांनी दाने दिली. १००९ आणि १०२१ साली आलेल्या झरथुष्ट्री पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली. इथल्या एक्केचाळिसाव्या लेण्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे. भारतातील पाषाणशिल्पांत हे रूप अत्यंत विरळा. मध्य आशिया, चीन, कोरिया असा प्रवास करत हीच करुणामूर्ती जपानला पोहोचली आणि तिथे 'कान्नोन' झाली. तिचे एकादशमुखी रूप, 'जूइचिमेन कान्नोन', तिथल्या कितीतरी मंदिरांत आज पूजले जाते. सद्धर्मपुंडरीक सूत्रातील अवलोकितेश्वराच्या अध्यायात आग, पूर, चोर, कैद अशा संकटांतून तारण्याचे अभिवचन आहे. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात ही संकटे अवलोकितेश्वराभोवती कोरलेली दिसतात, आणि जपानमध्ये तोच अध्याय आजही पठणात आहे.

मुलुंड-घाटकोपर-बोरिवलीतल्या एखाद्या उद्यानात उद्या जपानी उत्सव भरणार असेल तर त्याच्या आयोजकांना आमचे एवढेच सांगणे राहील, की कागदाचे पक्षी जरूर घडवावेत, पण एक सकाळ कान्हेरीसाठी आणि एक संध्याकाळ फुललेल्या पळसाखाली चटई टाकण्यासाठी राखून ठेवावी. विद्यार्थ्यांनी सोबत वही आणावी आणि सतरा अक्षरे मोजण्याआधी त्या आठवड्याचा, त्या जागेचा एक ऋतुशब्द शोधावा. 'अवलोकन' या शब्दातच पाहणे आहे. जो जगाकडे वळून पाहतो तो अवलोकितेश्वर, असा त्या नावाचा एक अर्थ सांगितला जातो. उद्यानात येणाऱ्याकडून याहून अधिक काही अपेक्षित नसते.