एचएमएस ग्लीनर : समुद्राचा तळ मोजणारं जहाज युद्धात उतरलं तेव्हा

फेब्रुवारी १९४० मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइड खाडीत एक जर्मन पाणबुडी बुडाली. ती बुडवणारं जहाज ना मोठी युद्धनौका होतं, ना विनाशिका. मुळात ते सर्वेक्षण जहाज होतं. समुद्राची खोली मोजायची आणि नकाशे तयार करायचे, एवढंच त्याचं शांतताकाळातलं काम. त्या रात्री वाचलेल्या जर्मन खलाशांच्या खिशात ब्रिटिशांना तीन लहान चाकं सापडली. जर्मन नौदलाची गुप्त लिपी फोडण्याच्या लढाईत ती मोलाची ठरली. या जहाजाची आणि त्याच्या बहिणींची ही माहिती.

सर्वेक्षण जहाज म्हणजे काय?

जमिनीवर जसा मोजणीदार, तसं समुद्रावर सर्वेक्षण जहाज. किनाऱ्यालगत ठरावीक रेषांवरून ये-जा करत पाण्याची खोली घ्यायची, खडक, वाळूचे बांध, बुडालेली जहाजं आणि पाण्याची ओढ यांची नोंद करायची आणि त्यावरून नकाशा काढायचा. कोकणातला मच्छीमार जी खोली ‘इतके वाव’ अशी सांगतो, तीच नकाशावर आकड्यांनी भरलेली असते. नकाशा चुकला तर जहाज खडकावर जातं, म्हणून प्रत्येक नौदल हे काम स्वतःच्या शाखेकडे ठेवतं. भारतीय नौदलाची हे शास्त्र शिकवणारी संस्था आज गोव्यात आहे.

ग्लीनरचा जन्म

१९३० च्या दशकात ब्रिटिश नौदलाने ‘हॅल्सियन’ वर्गाची २१ जहाजं बांधली. आराखडा सुरुंगनाशक जहाजाचा, म्हणजे पाण्यात पेरलेले सुरुंग शोधून काढून टाकणाऱ्या जहाजाचा. लांबी २४५ फूट, वजन सुमारे ८०० टन, वेग ताशी १७ सागरी मैलांच्या आसपास. यातली काही जहाजं सुरुंगांसाठी न ठेवता सर्वेक्षणासाठी तयार केली गेली : ग्लीनर, जेसन, फ्रँकलिन आणि स्कॉट. ग्लीनर १९३७ साली हार्टलपूल इथल्या विल्यम ग्रे कंपनीच्या गोदीत पाण्यात उतरलं. ‘ग्लीनर’ म्हणजे कापणी झाल्यावर शेतात राहिलेली कणसं वेचणारा, आपल्याकडच्या भाषेत सरवा वेचणारा. राहिलेली खोली मोजत फिरणाऱ्या जहाजाला हे नाव शोभणारंच होतं.

१९३९ मध्ये युद्धाचे ढग जमले आणि ब्रिटनला पाणबुडीविरोधी जहाजं कमी पडू लागली. मग ग्लीनर आणि जेसन यांना त्या कामाला जुंपण्यात आलं. सर्वेक्षणाच्या सामानाऐवजी तोफा आल्या, पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र आलं आणि डेप्थ चार्ज, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारी स्फोटकांची पिंपं आली.

१२ फेब्रुवारीची रात्र

क्लाइड खाडीचं महत्त्व समजल्याशिवाय त्या रात्रीचं महत्त्व कळत नाही. ग्लासगोच्या गोद्या, ग्रीनॉकचं बंदर आणि नौदलाचे तळ, सगळ्यांची वाट याच खाडीतून. तिथे सुरुंग पेरले गेले असते तर माल, सैन्य आणि युद्धनौका सगळंच अडलं असतं. नेमक्या याच कामावर जर्मन पाणबुडी यू-३३ विल्हेल्म्सहाफेनहून निघाली होती. तिचा कप्तान होता हान्स-विल्हेल्म फॉन ड्रेस्की.

ॲरन बेटाच्या दक्षिणेला ग्लीनर गस्तीवर होतं, कप्तान लेफ्टनंट कमांडर ह्यू प्राइस. १२ फेब्रुवारीच्या पहाटे, तीन वाजण्याच्या सुमारास, कान लावून बसलेल्या खलाशाला पाण्याखालून वेगळा आवाज आला. जहाज त्या दिशेला वळलं, सर्चलाइट लावला गेला, आवाजाचा माग पक्का झाला आणि डेप्थ चार्ज सोडण्यात आले.

तिथलं पाणी उथळ होतं. उथळ पाणी सुरुंग पेरायला सोयीचं, पण लपायला गैरसोयीचं. पाणबुडी तळाशी जाऊन बसली, तरी वरून होणाऱ्या स्फोटांनी तिचे दिवे गेले, पाणी आत येऊ लागलं. ग्लीनरने पुन्हा पुन्हा हल्ले केले. शेवटी पाच वाजून गेल्यावर फॉन ड्रेस्कीने पाणबुडी वर आणली. ग्लीनरच्या तोफेने काही गोळे डागले; पण जर्मन खलाशी हात वर करून डेकवर उभे आहेत हे दिसताच गोळीबार थांबला.

पाणबुडी शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून जर्मनांनीच ती बुडवली. फेब्रुवारीतल्या त्या गोठवणाऱ्या पाण्यात माणूस फार वेळ तग धरत नाही. ग्लीनर आणि मदतीला आलेल्या इतर जहाजांनी १७ जणांना वाचवलं. फॉन ड्रेस्कीसह २५ जण गेले. मृतांना ग्रीनॉकच्या दफनभूमीत पुरण्यात आलं. पुढे, युद्धानंतर, त्यांचे अवशेष इंग्लंडमधल्या कॅनॉक चेस इथल्या जर्मन सैनिकी दफनभूमीत हलवले गेले. प्राइस यांना या कामगिरीबद्दल ‘डीएसओ’ हा सन्मान मिळाला.

खिशातली तीन चाकं

जर्मन सैन्य आपले संदेश ‘एनिग्मा’ नावाच्या यंत्राने गुप्त करत असे. टाइपरायटरसारखं दिसणारं हे यंत्र. त्यात तारांची जोडणी असलेली चाकं बसवलेली. एक अक्षर दाबलं की दुसरंच अक्षर उजळायचं, आणि प्रत्येक दाबाबरोबर चाक फिरल्यामुळे पुढच्या वेळी तेच अक्षर निराळं व्हायचं.

भूदल आणि हवाईदल पाच चाकांतून तीन निवडायचे. ती बसवायचा क्रमही महत्त्वाचा, म्हणून मांडण्या होतात ५ × ४ × ३ म्हणजे ६०. नौदलाने मात्र स्वतःसाठी आणखी तीन चाकं ठेवली होती. आठातून तीन, म्हणजे ८ × ७ × ६, एकूण ३३६ मांडण्या. पहिल्या पाच चाकांची जोडणी पोलंडच्या गणितज्ञांनी शोधली होती आणि जुलै १९३९ मध्ये ती ब्रिटिशांना दिली होती. नौदलाच्या जादा चाकांबद्दल मात्र सगळा अंधार होता. आत तारा कशा जोडल्या आहेत हेच ठाऊक नसेल, तर मांडण्या मोजून उपयोग काय?

यू-३३ सोडताना चाकं वेगवेगळ्या खलाशांकडे वाटून दिली होती. पाण्यात पडल्यावर ती टाकून द्यायची, असा हुकूम होता. पण जीव वाचवायच्या धडपडीत ते राहून गेलं आणि तीन चाकं ब्रिटिशांच्या हाती लागली. त्यात नौदलाची खास सहा आणि सात क्रमांकाची चाकं होती. ती ब्लेचली पार्क इथे ॲलन ट्युरिंग यांच्या गटाकडे गेली. या जादा चाकांना एकाऐवजी दोन खाचा होत्या, म्हणजे शेजारचं चाक एका फेऱ्यात दोनदा पुढे सरकायचं. आठवं चाकही त्याच वर्षी पुढे मिळालं.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. नुसत्या चाकांनी लिपी फुटली नाही. रोजची किल्ली आणि नौदलाची अक्षरजोड्यांची कोष्टकंही लागत होती. एप्रिल १९४० मध्ये ‘पोलारेस’ या वेशांतर केलेल्या जर्मन जहाजावरचे कागद, मार्च १९४१ मध्ये लोफोटन बेटांवरचा छापा आणि मे १९४१ मध्ये यू-११० वरून मिळालेलं साहित्य, असं एकेक जमत गेलं, तेव्हा कुठे १९४१ च्या उन्हाळ्यात नौदलाचे संदेश नियमित वाचता येऊ लागले. पण चाकांची जोडणी ही त्यातली पायाची वीट, आणि ती ग्लीनरमुळे आली.

उत्तर ध्रुवाकडची वाट

ग्लीनरचं युद्ध तिथेच संपलं नाही. सोव्हिएत रशियाला रणगाडे, विमानं आणि इंधन पोहोचवणाऱ्या मालजहाजांच्या तांड्यांना सोबत करण्याचं काम त्याच्याकडे आलं. सप्टेंबर १९४२ मधल्या ‘पीक्यू-१८’ या तांड्यात हॅरियर आणि शार्पशूटर या बहिणींबरोबर ते होतं. विमानं आणि पाणबुड्यांच्या हल्ल्यांत त्या तांड्यातली १३ मालजहाजं बुडाली. बाकीची अर्खांगेल्स्कच्या दिशेने पार झाली.

बहिणींचं काय झालं?

फ्रँकलिन आणि स्कॉट मुख्यतः सर्वेक्षणाच्याच कामावर राहिली. युद्धात नकाशाची गरज कमी होत नाही, उलट वाढते : आपले सुरुंग नेमके कुठे पेरले हे माहीत नसेल तर ते आपलीच जहाजं बुडवतात, आणि शत्रूकडून परत घेतलेलं बंदर तपासल्याशिवाय त्यात जहाज नेता येत नाही.

जेसनच्या वाट्याला वेगळंच दुःख आलं. २७ ऑगस्ट १९४४ रोजी फ्रान्सच्या ल हाव्र बंदरासमोर जेसन, ब्रिटोमार्ट, हुसार आणि सॅलमँडर सुरुंग काढत होती. ही जहाजं शत्रूची आहेत असं समजून ब्रिटिश हवाईदलाच्याच टायफून विमानांनी हल्ला केला. ब्रिटोमार्ट आणि हुसार बुडाली, सॅलमँडर दुरुस्तीपलीकडे गेलं, शंभराहून अधिक खलाशी आपल्याच लोकांच्या हातून मारले गेले. जेसन वाचलं.

शेवट

ग्लीनर युद्धातून सुखरूप परतलं आणि १९५० मध्ये भंगारात गेलं. नाव मात्र पुढे चाललं : १९८३ साली किनाऱ्याजवळच्या सर्वेक्षणासाठी बांधलेल्या एका छोट्या नौकेला तेच देण्यात आलं. ब्रिटिश नौदलातली ती सर्वांत लहान नौका म्हणून ओळखली जायची. २०१८ मध्ये तीही निवृत्त झाली. यू-३३ चे अवशेष आजही ॲरनच्या दक्षिणेला समुद्राच्या तळाशी आहेत.