स्नोमोबिलमधील पट्टा-प्रेषण

स्नोमोबिल हे बर्फावर चालणारे वाहन. त्याच्या ट्रॅकला गती देणाऱ्या शेवटच्या टप्प्यात बहुतेक वेळा तेलात फिरणारी पोलादी साखळी असते. ही साखळी आणि तिची पेटी काढून त्या जागी दातेरी पट्टा बसवणे म्हणजे पट्टा-प्रेषण. गुलमर्ग किंवा मनालीजवळच्या सोलंगला जाऊन आलेले मराठी पर्यटक या वाहनाला स्नो-स्कूटर म्हणून ओळखतात. खोल, भुसभुशीत बर्फात चढ चढणाऱ्या पहाडी स्नोमोबिलमध्ये हा बदल मुख्यतः वजन कमी करण्यासाठी करतात. पट्टा वरून रबराचा किंवा प्लास्टिकचा दिसत असला, तरी ओढ सोसतो तो त्याच्या आतला दोर. पट्टा साखळीची जागा घेऊ शकला तो या दोरात झालेल्या सुधारणांमुळे. औद्योगिक दोराचे सूत काढणे हा ठाणे जिल्ह्यातील मोहने-शहाड परिसराचा अनेक दशके मोठा उद्योग होता.

शक्तीचा मार्ग

कॅनडातील जोसेफ-आर्मांद बाँबार्डिए यांनी १९५९ मध्ये स्की-डू हे हलके स्नोमोबिल बाजारात आणले. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी ट्रॅक आणि मध्ये एंजिन ही तेव्हाची मांडणी आजही कायम आहे. एंजिनाची शक्ती ट्रॅकपर्यंत दोन टप्प्यांत पोचते. पहिल्या टप्प्यात दोन कप्प्यांवरून फिरणारा व्ही-पट्टा असतो. वेगानुसार कप्प्यांचे गाल जवळ-दूर होतात आणि गिअर न बदलता गुणोत्तर बदलत राहते. पुण्याच्या कायनेटिक होंडाने १९८४ मध्ये भारतीय रस्त्यांवर आणलेल्या आणि आज ॲक्टिव्हासारख्या पेट्रोलवरच्या गिअरलेस स्कूटरमध्ये असलेल्या व्हेरिएटरचे तत्त्व हेच. दुसऱ्या टप्प्यात वरच्या दंडावरची फिरकी खाली ट्रॅक ओढणाऱ्या दंडाकडे जाते. साखळी की दातेरी पट्टा, हा प्रश्न या दुसऱ्या टप्प्यापुरताच आहे. मूळचा व्ही-पट्टा दोन्ही रचनांत तसाच राहतो.

साखळीपेटी

साखळीपेटी ही ॲल्युमिनियमची बंद पेटी असते. तिच्यात वर लहान आणि खाली मोठे स्प्रॉकेट, त्यांवर रुंद पोलादी साखळी, साखळी ताणून धरणारा टेन्शनर आणि तळाशी तेल असते. वर २० आणि खाली ५० दाते असतील तर गुणोत्तर अडीच होते, म्हणजे वेग अडीचपट घटतो आणि पीळ (टॉर्क) अडीचपट वाढतो. ही रचना दणकट असते आणि धक्के पचवते. स्प्रॉकेट बदलले की गुणोत्तरही सहज बदलता येते. काही नमुन्यांत मागे जाण्याचा गिअरही याच पेटीत बसवलेला असतो.

तिचे तोटे पहाडात जाणवतात. पोलादी साखळी, स्प्रॉकेट, पेटी आणि तेल यांचे मिळून वजन बरेच होते, आणि त्यातला मोठा भाग फिरता असतो. थ्रॉटल उघडताना प्रत्येक वेळी या फिरत्या वजनालाही वेग द्यावा लागतो. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होऊन साखळीला अडवते. साखळी झिजली की लांबते आणि सैल पडते. मग ताण पुन्हा जुळवावा लागतो, तेल बदलावे लागते आणि सील गळत नाहीत ना हे पाहावे लागते.

उंचीवर या वजनाला अधिक महत्त्व येते. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरवर हवेचा दाब सुमारे ७० टक्केच उरतो. टर्बो नसलेल्या एंजिनाला जवळपास त्याच प्रमाणात कमी प्राणवायू मिळतो आणि शक्ती घटते. अशा वेळी एंजिन मोठे करण्यापेक्षा त्याच्यावरचे ओझे कमी करणे सोपे पडते.

दातेरी पट्टा

साधा सपाट पट्टा आणि व्ही-पट्टा घर्षणावर चालतात, म्हणून जास्त ओढीखाली ते घसरू शकतात. दातेरी पट्ट्याचे दाते कप्प्याच्या खाचांत बसतात, त्यामुळे तो साखळीसारखा नेमका फिरतो आणि त्याला तेल लागत नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात रिचर्ड केस यांनी हा पट्टा विकसित केला. शिलाई यंत्रात सुई आणि खालचा धागा यांची गती जुळवणे हा त्याचा पहिला ठळक उपयोग. १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्लास कंपनीने मोटारीच्या एंजिनात व्हाल्व्हचा दंड फिरवण्यासाठी तो वापरला. १९८० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने आपल्या स्टर्जिस मोटरसायकलीत मागच्या चाकाला पट्टा लावला. पोलॅरिसने २०१३ च्या पहाडी नमुन्यांत क्विकड्राइव्ह या नावाने कारखान्यातूनच पट्टा-प्रेषण दिले. जुन्या स्नोमोबिलवर बसवण्याचे तयार संचही उत्तर अमेरिकेत विकले जातात. इतर उत्पादकांनी मात्र अनेक पहाडी नमुन्यांत साखळीपेटीच ठेवली आहे.

पट्ट्यावर किती ओढ येते, याचा अंदाज एका गणिताने येतो. एंजिन १६० अश्वशक्तीचे असून मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल, तर त्याचा पीळ सुमारे १४२ न्यूटन-मीटर होतो. पहिल्या टप्प्याचे गुणोत्तर एकास एक धरले आणि वरच्या कप्प्याची त्रिज्या ४ सेंटिमीटर मानली, तर पट्ट्यावर सुमारे ३,५०० न्यूटन, म्हणजे ३६० किलो वजनाइतकी ओढ येते. जागेवरून निघताना व्हेरिएटर हा पीळ आणखी वाढवतो. हे सगळे बळ काही सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीतून जाते.

पट्ट्यातील दोर

दातेरी पट्टा घडतो कसा, हे पाहिले की दोराचे महत्त्व कळते. खाचा असलेल्या पोलादी नळकांड्यावर आधी नायलॉनच्या कापडाची बाही चढवतात. त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकमेकांना चिकटून वेढे देत, दोर ताणून गुंडाळतात. सगळ्या दोराचा पीळ एकाच दिशेचा असेल तर फिरताना पट्टा एका बाजूला सरकतो. म्हणून डावा आणि उजवा पीळ दिलेले दोन दोर जोडीने गुंडाळतात. वरून रबर लावून वाफेच्या उष्णतेत आणि दाबाखाली ते पिकवतात, तेव्हा रबर दोरांमधून खाली उतरून खाचांत दात तयार होतात. थंड झालेल्या नळीच्या चकत्या कापल्या की पट्टे निघतात. कापलेल्या कडेला दोराची टोके ठिपक्यांच्या रांगेसारखी दिसतात.

दोराने लांबायचे नसते. तो थोडा जरी लांबला तरी दातांमधले अंतर बदलते आणि दात खाचेच्या कडेवर चढतो. यंत्रांच्या सुरुवातीच्या रबरी पट्ट्यांत सुती दोर असे. पुढे रेयॉन, मग पॉलिएस्टर, काचतंतू, ॲरामिड आणि शेवटी कार्बनतंतू आले. रेयॉन सुती दोरापेक्षा बळकट असतो, गरम होऊनही आकार टिकवतो आणि कमी ताणला जातो. म्हणून टायर आणि पट्टे या दोन्हींत विसाव्या शतकाच्या मध्याला त्याचा बोलबाला होता. ओला झाल्यावर त्याचे बळ घटते, म्हणून त्याला रबराचे आवरण पक्के लागते. आजचे अतिबळकट दातेरी पट्टे पॉलियुरेथेनचे असतात आणि त्यांत कार्बनचा दोर असतो. पहाडी स्नोमोबिलची ओढ सोसणारा अरुंद पट्टा शक्य झाला तो या दोरामुळे.

मोहने आणि शहाड

रेयॉनच्या अशा दोराचे सूत ठाणे जिल्ह्यातही निघाले. मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर आंबिवली स्थानकाजवळ, उल्हास नदीच्या काठी मोहने हे गाव आहे. ते आता कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत येते. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनने, म्हणजे एनआरसीने, येथे मोठा कारखाना उभारला. त्याच्या भोवती कामगार वसाहत, शाळा आणि बाजार वाढला. शेजारच्या शहाडला १९५६ पासून सेंच्युरी रेयॉन आहे. या परिसरात लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचे सूत निघू लागले आणि टायरच्या दोरासाठी लागणारे बळकट सूतही येथे तयार झाले.

लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया केली की व्हिस्कोज हा मधासारखा दाट द्रव मिळतो. बारीक छिद्रांच्या चकतीतून तो गंधकाम्लाच्या द्रावणात सोडला की तंतू घट्ट होतात. टायरच्या दोरासाठी हे तंतू ओले असतानाच ताणतात. त्यामुळे आतले रेणू एका रेषेत येतात आणि बळ वाढते. नंतर सुताला पीळ देऊन दोन-तीन पदरांचा दोर वळतात. तंतूचा ताण, पिळाची संख्या आणि खात्यातला ओलावा पाळीमागून पाळी सारखा ठेवणे हे कसबाचे काम होते. कार्बन डायसल्फाइडच्या वासात आणि विषारी वाफेत उभे राहून कामगारांनी ते केले. मोहन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि हजारो कामगार देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. पट्ट्याच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे येतात. अखंड, एकसारखा दोर देणाऱ्या या कामगारांचा वाटाही त्यात मोजायला हवा, कारण दोर एकसारखा नसेल तर कोणताही पट्टा टिकत नाही.

बदलाची कृती

तेल काढून पेटीचे झाकण उघडतात. टेन्शनर सैल करून दोन्ही स्प्रॉकेट आणि साखळी बाहेर काढतात. पुष्कळ वाहनांत वरच्या आणि खालच्या दंडाचे बेअरिंग पेटीच्या मागच्या भिंतीतच बसलेले असतात. म्हणून संचातील नवी पाठपट्टी ते बेअरिंग पेलणारी असावी लागते. मग दंडांच्या खाचांवर दातेरी कप्पे चढवून पट्टा बसवतात.

खरी कसोटी पुढे असते. दोन्ही दंड समांतर आणि दोन्ही कप्पे एका रेषेत हवेत. साखळी थोडा तिरकेपणा सहन करते, पट्टा करत नाही, त्याची एक कड लवकर झिजते. ताण बोटाने दाबून ठरवू नये. उत्पादकाने सांगितलेल्या भाराखाली पट्टा किती दबतो, किंवा छेडल्यावर त्याची कंपने किती येतात, हे मोजून तो ठरवतात. कार्बन दोराचा पट्टा दुमडू, मुरगळू किंवा स्क्रू-ड्रायव्हरने रेटून चढवू नये. आतले तंतू तुटले तरी बाहेरून काही दिसत नाही आणि पुढे भर चढावर पट्टा तुटतो. पहिल्या फेरीनंतर ताण, बोल्ट आणि कडा पुन्हा तपासतात.

लाभ, मर्यादा आणि निवड

पट्ट्याने वजन घटते, तेलाची कटकट जाते, आवाज कमी होतो आणि थ्रॉटलला प्रतिसाद चटकन मिळतो. टू-स्ट्रोक एंजिनच उलटे फिरवून मागे जाणाऱ्या स्नोमोबिलला पेटीतल्या गिअरची गरज नसते, त्यामुळे तेथे पट्टा सहज बसतो. दातांचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने तो उलटही तितकाच चालतो. मात्र दंडांमधले अंतर ठरलेले असल्याने गुणोत्तर बदलायचे तर कप्प्यांबरोबर कधी पट्टाही वेगळ्या लांबीचा घ्यावा लागतो. दात आणि कप्पा यांमध्ये बर्फ किंवा खडा अडकला तर पट्टा उसळतो, म्हणून झाकण आणि बर्फ बाहेर पडण्याची वाट दोन्ही नीट हवीत. साखळी झिजताना आवाजाने सूचना देते. पट्टा मात्र अचानक तुटू शकतो, म्हणून दातांच्या मुळाशी भेगा आहेत का हे नियमाने पाहावे लागते.

भारतात सियाचिनसारख्या हिमनद्यांवर भारतीय सैन्य माल आणि जखमींची ने-आण करण्यासाठी स्नो-स्कूटर वापरते, तर गुलमर्ग आणि सोलंगला त्या पर्यटकांना फिरवतात. दोन माणसे किंवा ओझे घेऊन संथ गतीने, दिवसभर, सुटे भाग दुर्मीळ असलेल्या जागी चालणाऱ्या वाहनाला तेलातली साखळीच योग्य. एकट्या स्वाराने खोल बर्फात, उंच चढावर न्यायच्या हलक्या वाहनाला पट्टा शोभतो. बदल करायचा तर पट्ट्याची भारक्षमता, दंडांची समांतरता आणि ठरलेला ताण, या तीन गोष्टी मोजून जुळल्यावरच करावा.